फळ्यावर काय पुसलंय ते आधी बघा

तुम्ही विचारलंय की घराजवळचं जुनं रेस्टॉरंट स्वतःला 'स्थानिक आणि हंगामी' म्हणवतं, ते खरं की नुसती पाटी, हे पहिल्याच भेटीत कसं ओळखायचं आणि मागवायचं काय.

शिकत असताना दोन वर्षं मी अशाच एका ठिकाणी वाढपी होतो, त्या अनुभवावरून सांगतो. आज काय मिळतंय याच्यापेक्षा काय संपलंय ते बघा. रात्री साडेआठलाच, आजचे पदार्थ लिहिलेल्या फळ्यावरच्या दोन ओळी पुसलेल्या असतील, तर निर्धास्त बसा. सकाळी जेवढं आलं तेवढंच शिजलंय. याउलट चाळीस पदार्थांचं लॅमिनेट केलेलं कार्ड बारा महिने तेच असेल, तर तिथला हंगाम छापखान्यात ठरतो.

वाढप्याला "चांगलं काय आहे?" असं विचारू नका. "सगळंच चांगलं आहे" हे उत्तर मीही रोज तोंडपाठ द्यायचो. "आज सकाळी काय आलं?" असं विचारा. मका आणि मटार तोडल्यापासूनच त्यांच्यातली साखर कमी व्हायला लागते, आणि उष्णतेत तर भराभर. तिचा बराचसा भाग पिष्टात बदलतो. म्हणून जवळच्या शेतातला मका नुसता उकडला तरी गोड लागतो. टोमॅटोचं वेगळंच. साधारण १२ अंश सेल्सिअसच्या खाली बरेच दिवस ठेवला की त्याचा वास तयार करणारी यंत्रणा मंदावते; रंग तसाच राहतो, चव जाते. लांबून थंड गाडीतून आलेला टोमॅटो म्हणून देखणा आणि मुका असतो. कोबी आणि गाजराला मात्र थंडी मानवते, कारण गारठ्यापासून वाचायला ती स्वतःच साखर साठवतात.

आमच्याकडे एकदा भर थंडीत एका गिऱ्हाइकाने टोमॅटोचं सॅलड मागितलं. आचाऱ्याने आतूनच "नाही" म्हटलं. बाहेर येऊन गोड शब्दांत सांगायचं काम माझं, आणि मी ते फार वाईट केलं. गृहस्थ उठून गेले. आज वाटतं, आचारी बरोबर होता, पण 'नाही'सोबत दुसरं काहीतरी सुचवायला हवं होतं. चांगल्या ठिकाणी ते सुचवतात.

खरी परीक्षा भाज्यांच्या तुटवड्याच्या दिवसांत. ब्रिटनमध्ये हिवाळी भाज्या संपून नव्या यायच्या आधीच्या, एप्रिल-मेच्या काळाला 'हंग्री गॅप' म्हणतात. तेव्हा स्वयंपाकघर वाळवलेल्या, खारवलेल्या, आंबवलेल्या साठ्यावर चालतं. भरल्या हंगामात कोणीही बरं जेवू घालेल. एकदा अशा रिकाम्या दिवसांत मुद्दाम जा.

काही ठिकाणी निवडच नसते, सगळ्यांना एकच जेवण. कॅलिफोर्नियातल्या बर्कलीत ॲलिस वॉटर्स यांनी १९७१ मध्ये सुरू केलेलं शे पानीस हे रेस्टॉरंट याच पद्धतीमुळे गाजलं: ठरलेलं जेवण, पण रोज वेगळं. निवडीची सवय असलेल्याला सुरुवातीला हे जाचतं (मला अजूनही थोडं जाचतं), पण आचाऱ्याला वाया न घालवता ताजं शिजवता येतं.

आणि तेल, मीठ, कॉफी लांबून येत असेल तर नाक मुरडू नका. "हे आमच्याकडचं नाही" असं जो सरळ सांगतो, त्याच्या बाकीच्या बोलण्यावर मी विश्वास ठेवतो. शिवाय जवळचं म्हणजे चविष्टच असंही नाही. जवळच्या शेतातलं जून वांगं जूनच असतं.

पहिल्यांदा जाताय तर जरा लवकर जा, ओळी पुसल्या जायच्या आत. मुख्य पदार्थ एकच घ्या, बाकी भाज्यांच्या छोट्या प्लेट. फळ्यावर एखादं नाव अगदीच अनोळखी दिसलं, तर तेही मागवा, दोघांत एक.