चौसष्टच्या चौसष्ट अक्षरं जुळवा

प्रश्न : मी चोपड्यात कॉम्प्युटर क्लास चालवतो. जळगावच्या मित्राने लिनक्स मिंट या फुकट ऑपरेटिंग सिस्टिमची आयएसओ फाइल (जिच्यावरून ती मशिनवर टाकतात) पेनड्राइव्हवर दिली. नाव आणि साइज वेबसाइटवर आहे तशीच आहे. दहा मशिनवर टाकायची आहे. आणखी काही तपासावं लागतं का?

उत्तर : भाऊ, तपासाच, आणि पहिल्या मशिनला हात लावण्याआधी. काट्यावर वजन तेवढंच भरलं म्हणून गाडीत रावेरचीच केळी आहेत असं म्हणता येत नाही. भुसावळला असताना मी रात्री डाउनलोड लावून झोपलो आणि मध्येच लाइट गेली. सकाळी साइज पूर्ण दिसत होती, कारण डाउनलोड मॅनेजरने तेवढी जागा आधीच अडवून ठेवलेली; शेवटचा भाग मात्र नुसती शून्यं. इन्स्टॉलेशन तीनदा अडकलं आणि मी दोन दिवस हार्डडिस्कला दोष देत बसलो.

तुम्हाला लागतो तो शा-२५६ हॅश, म्हणजे फाइलमधल्या सगळ्या डेटावरून गणित करून काढलेला तिचा ठसा. फाइल केवढीही असो, उत्तर ६४ अक्षरांचं. आत एक बिट जरी बदलला तरी सगळी ओळ वेगळी येते. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये 'सर्टयुटिल' ही कमांड हायफन हॅशफाइल आणि फाइलचं नाव देऊन चालवा, शेवटी शा२५६ लिहायला विसरू नका. विसरलात तर शा-१ या जुन्या पद्धतीचा ४० अक्षरी हॅश येतो आणि माणूस उगाच घाबरतो. ओळ 'ई३बी०सी४४२'ने सुरू झाली तर समजा, फाइल रिकामीच आहे.

आता खरी गोष्ट. हा हॅश कशाशी जुळवणार? मित्राच्या पेनड्राइव्हवरच्या टेक्स्ट फाइलशी मुळीच नको. फाइल बदलणारा ती ओळही बदलेल. २० फेब्रुवारी २०१६ला हॅकरने मिंटच्याच वेबसाइटमध्ये घुसून डाउनलोडची लिंक छेडछाड केलेल्या आयएसओकडे वळवली होती. पानच चोराच्या हातात गेलं, तर त्यावरच्या हॅशला काय अर्थ? म्हणून मिंटवाले हॅशच्या यादीसोबत जीपीजी सहीची फाइलही देतात; ही डिजिटल सही, यादी खरंच त्यांचीच आहे का ते तिच्यावरून कळतं. आधी सही तपासा, मग यादीतली ओळ घ्या. यात अर्धा तास जाईल, जाऊ द्या. त्या दहा मशिनवर पोरं शिकणार आहेत.

कुठे एमडी५ हा जुन्या पद्धतीचा ३२ अक्षरी हॅश दिसला तर तो तुटलेलं डाउनलोड ओळखायला चालेल, मुद्दाम केलेल्या बदलासाठी नाही. त्याची टक्कर, म्हणजे दोन वेगळ्या डेटाचा एकच हॅश, २००४मध्येच दाखवली गेली आहे.

आणि जुळवताना पहिली चार, शेवटची चार अक्षरं बघून थांबू नका. दोन्ही ओळी नोटपॅडमध्ये एकाखाली एक चिकटवा.