घरामागच्या छोट्या जागेत कमी खर्चात बाग कशी करावी?

तुम्ही विचारलंय की घरामागे जेमतेम दहा बाय बारा फुटांची जागा आहे, बांधकामाचा राडारोडा आणि तण यापलीकडे तिथे काही नाही, खर्चही फार झेपणार नाही, तर सुरुवात कुठून करू. माझी जागा याहूनही थोडी लहान होती. मी आधी काय चुकले ते सांगते, कारण माझे पैसे तिथेच गेले.

नर्सरीत गेले, फुललेली रोपं दिसली, मोह आवरला नाही. एका फेरीत वीसेक रोपं आणली आणि संध्याकाळपर्यंत लावूनही टाकली. तीन महिन्यांनी त्यातली सहा उरली. रोपांचा काही दोष नव्हता. विटांचे तुकडे आणि सिमेंटचे गोळे तसेच ठेवून त्यांच्यावर मी चार बोटं चांगली माती पसरली होती, झालं. जास्वंदीची नवी पानं पिवळी पडायला लागली, शिरा मात्र हिरव्यागार. मी आपली खत घालतेय! सिमेंट-चुन्यामुळे माती अल्कधर्मी होते आणि अशा मातीत लोह असलं तरी मुळांना ते घेता येत नाही, हे फार उशिरा कळलं.

म्हणून पहिला महिनाभर एकही रोप विकत घेऊ नका. जागा खणा. अख्ख्या आणि अर्ध्या विटा बाजूला काढा, वाफ्यांच्या कडेला त्या तिरक्या रोवल्या की फुकटची सुरेख किनार होते. सिमेंटचे बारीक तुकडे मात्र वाफ्यात राहू देऊ नका. जिथून तुम्ही चालणार ती पायवाट वीतभर खोल खणून तिच्याखाली ते ठोकून बसवा. राडारोडा उचलून नेण्याचाही खर्च वाचतो.

हे चालू असताना एका सुट्टीच्या दिवशी दर तासाला मागे जाऊन एकाच ठिकाणावरून फोटो काढा. ऊन कुठे किती वेळ टिकतं ते संध्याकाळी स्वच्छ दिसेल. फुलझाडांना आणि फळभाज्यांना साधारण 6 तास थेट ऊन लागतं, पालेभाज्या आणि पुदिना 3-4 तासांतही तग धरतात. ऋतू बदलला की सावली सरकते, तेव्हा काही महिन्यांनी हे पुन्हा करा.

माती तपासायला प्रयोगशाळा लागतेच असं नाही. काचेच्या उभ्या बरणीत एक तृतीयांश माती घ्या, वर पाणी, भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब, आणि झाकण लावून दणदणीत हलवा. वाळू मिनिटभरात तळाला बसते, मधला पोयट्याचा, म्हणजे वाळूहून बारीक पण चिकणमातीहून जाड कणांचा थर दोनेक तासांत, आणि चिकणमाती दुसऱ्या दिवशीपर्यंत पाणी गढूळ ठेवते. माझ्या बरणीत निम्म्याहून जास्त चिकणमाती निघाली. तसं निघालं तर कुणीतरी हमखास सांगेल, ‘वाळू मिसळा.’ नका मिसळू. चिकणमातीत थोडी वाळू घातली तर ती वाळल्यावर विटेसारखी घट्ट होते. माती चिकण असो वा वाळूची, औषध एकच, कंपोस्ट.

पैसे खर्च करायचेच तर इथे करा. पहिल्या वर्षी कंपोस्टची पोती विकत घ्या आणि त्याच दिवशी घरचा ढीगही सुरू करा. ओल्या हिरव्या कचऱ्याच्या एका बादलीमागे सुक्या पानांच्या दोन-तीन बादल्या, एवढं प्रमाण पुरतं. वास आला तर सुकं कमी पडलंय. नुसताच कोरडा पडून राहिला तर ओलं आणि पाणी कमी पडलंय. यापलीकडे मी त्याचे फार लाड करत नाही.

तणासाठी जुने पुठ्ठे जमवा. चिकटपट्टी आणि पिना काढून, कडा एकमेकांवर वीतभर चढवून अंथरा, भरपूर भिजवा आणि वर पालापाचोळ्याचा जाड थर द्या. बहुतेक तण उजेडावाचून मरतं, पुठ्ठा कुजून मातीत जातो. लव्हाळा मात्र याला दाद देत नाही. त्याचं टोक पुठ्ठ्यालाही भोक पाडून वर येतं. तो वरून उपटून काही होत नाही, खालच्या गाठींसकट खणून काढावा लागतो, आणि पुन्हा पुन्हा.

आता रोपं. ओळखीच्या कुणाची झाडं छाटायची असतील तेव्हा तिथे हजर राहा, लोक फांद्या आनंदाने देतात. जास्वंद, मोगरा यांची पेन्सिलीएवढ्या जाडीची, 15 सेंटीमीटर लांब फांदी घ्या. डोळ्याच्या, म्हणजे फांदीवर जिथून पान फुटतं त्या जागेच्या, लगेच खाली तिरका काप द्या. खालची पानं काढून टाका, वरची दोन ठेवा आणि तीही अर्धी कापा, म्हणजे पाणी कमी उडतं. दोन डोळे मातीत जातील अशी रोवा आणि सावलीत ठेवा. पंधरा दिवसांत नवं पान फुटलं की आपण हुरळून जातो. पण ते फांदीत साठलेल्या अन्नावरही फुटतं, मुळं धरली असतीलच असं नाही. मी तेव्हा उपटून बघायचे आणि हातानं मारायचे. महिना-दीड महिना हात लावू नका, मग अगदी हलकेच ओढून बघा, फांदी धरून राहिली तर मुळं आली. दहा लावल्या की सहा-सात जगल्या तरी चिकार.

कुंड्यांसाठी रंगाचे जुने डबे, फुटक्या बादल्या चालतात, फक्त आधी स्वच्छ धुवा आणि तळाला चार-पाच भोकं पाडा. तळाला खडे घालायची सवय सोडा. त्याने निचरा सुधारत नाही, उलट पाणी साचणारा मातीचा थर मुळांच्या आणखी जवळ येतो. भोकावर जाळीचा तुकडा पुरे. आणि दहा चिमुकल्या कुंड्यांपेक्षा दोन मोठ्या बऱ्या, लहान कुंडी उन्हात बघता बघता कोरडी पडते. पांढरे खडे, दिव्यांच्या माळा वगैरे गोष्टींवर मी सुरुवातीला एक पैसा घालणार नाही. खुरपं तेवढं दणकट घ्या.

सगळी जागा एकदम करायला जाऊ नका. मागचं दार उघडल्यावर जो कोपरा आधी नजरेत येतो, तेवढाच या वर्षी नीट करा. बाकीच्या जागेवर पुठ्ठे आणि पाला पसरून ठेवा. पुढच्या वर्षी तिथे खुरपं घातलंत तर गांडुळं निघतील. कोणत्या कोपऱ्यात किती तास ऊन येतं ते इथेच लिहा, मग तिथे काय लावायचं ते सांगते.