ऑडिशनला समोरचा माणूस भावनाशून्य क्यू देत असेल तर अभिनय कसा करायचा? मालिकेच्या ऑडिशनची तयारी नेमकी कशी करावी?

प्रश्न वाचला आणि राहवलं नाही, कारण तुम्ही ज्या माणसाबद्दल तक्रार करताय ते काम मी बरीच वर्षं केलंय. मुंबईत, वर्सोव्याच्या आरामनगरमधल्या एका कास्टिंग ऑफिसात मराठी मालिकांच्या ऑडिशनला मी क्यू द्यायचे, म्हणजे सीनमधल्या समोरच्या पात्राची वाक्यं वाचायचे. लाइट बघायचा, कॅमेरा लावायचा, बाहेर ताटकळलेल्यांना स्क्रिप्ट वाटायची आणि मग लेन्सशेजारी उभं राहून कधी सासू, कधी नवरा, कधी इन्स्पेक्टर व्हायचं. सगळे एकाच आवाजात.

तो आवाज मुद्दाम तसा असतो हो. क्यू देणारा माइकच्या सगळ्यात जवळ असतो. मी जीव ओतून वाचलं तर चॅनेलमध्ये बसून क्लिप बघणाऱ्याला तुमच्याऐवजी मीच ऐकू येणार. शिवाय सकाळच्या पहिल्या मुलाला मी रडून क्यू दिला आणि संध्याकाळच्या शेवटच्याला जांभया देत, तर त्या शेवटच्याने काय घोडं मारलंय? सपाट क्यू सगळ्यांना सारखा मिळतो.

आमच्या कॉलेजच्या एकांकिकांच्या ग्रुपमधला एकजण असाच आमच्याकडे आला होता. थोरल्या भावाचा रोल. बहिणीचं लग्न मोडलंय, भाऊ बाहेरगावाहून येतो आणि तिला विचारतो, एवढाच सीन. पाठांतर चोख. पण पठ्ठ्या सीन घरूनच बसवून आलेला. मान कुठे वळवायची, पॉज कुठे, आवाज कुठे फुटायचा, सगळं ठरलेलं. आणि आवाज तर भरत नाट्य मंदिराच्या शेवटच्या रांगेला पुरेल असा. कॅमेरा चार फुटांवर! पहिल्या टेकनंतर मी म्हटलं, "थोडं खाली घे." दुसऱ्या टेकला तो मधेच थांबला. "अगं, जरा फीलने दे ना. तुझ्याकडून मला काही येतच नाहीये."

दिला फीलने. रडवेली होऊन दिला. त्याच्या टेकमध्ये एका श्वासाचा फरक पडला नाही, कारण तो माझं ऐकतच नव्हता, माझं वाक्य संपायची वाट बघत होता. मग मी म्हटलं, "आता शब्द तेच ठेव, पण चिडू नकोस. तिला हसवायचा प्रयत्न करतोयस असं कर." उत्तर आलं, "पण सीन तसा नाहीये." झालं, संपली ऑडिशन.

ही असली सूचना लहर म्हणून देत नाहीत. नटाला सांगितलेलं पकडता येतं का, ते बघायचं असतं. आणि ती बहुतेक बऱ्या टेकनंतरच येते. ज्यांच्यात काही दिसत नाही त्यांना "थँक यू, कळवतो" म्हणून पहिल्याच टेकनंतर मोकळं करतात. म्हणजे त्याला संधी होती. पण आजही ग्रुप जमला की हा सांगतो, "हिने मेल्यासारखा क्यू दिला म्हणून माझी मालिका गेली." बाकीचे हसतात. मी आता हसत नाही.

त्याच दुपारी त्याच रोलसाठी नांदेडहून एकजण आला होता, स्टेशनवरून थेट, खांद्याला बॅग. त्याने एकच विचारलं, "ताई, तुम्ही लेन्सच्या कुठल्या बाजूला उभ्या राहणार?" मधे एक वाक्य विसरला, तर थांबला नाही, भाऊ अडखळला असता तसाच अडखळला आणि पुढे गेला. क्यू माझा तोच, सपाट. रोल त्यालाही मिळाला नाही, चॅनेलला उंच मुलगा हवा होता. पण क्लिप फोल्डरमध्ये राहिली आणि पुढे दुसऱ्या मालिकेसाठी त्याला बोलावणं गेलं.

आणि सेटवर तरी काय वेगळं असतं? तुमचा क्लोजअप लागेपर्यंत समोरची नटी कपडे बदलायला गेलेली असते. असिस्टंट लेन्सशेजारी मूठ धरतो, "लुक इथे" म्हणतो आणि हातातल्या कागदावरून वाक्यं वाचतो. त्या मुठीकडे बघून रडता आलं पाहिजे. तेव्हा क्यूची तक्रार कोणाकडे करणार?

तयारीचं म्हणाल तर वाक्यं कोरडी पाठ करा. भांडी घासताना, चालताना, भराभर, कसलाही सूर न लावता. सुरासकट पाठ केलेलं वाक्य ऐनवेळी वळत नाही. मग एकच ठरवा, की समोरच्याकडून मला काय हवंय. बाकी तिथे ऐकून होऊ द्या. स्क्रिप्ट कित्येकदा तिथेच, अर्धा तास आधी मिळते. तेव्हा निदान सुरुवातीची दोन-तीन वाक्यं कागदाशिवाय यायला हवीत. साधे कपडे, बारीक चौकडी नको. इंट्रोमध्ये नाव, वय, उंची, राहता कुठे, एवढंच सांगा. कोणत्या स्पर्धेत बक्षीस मिळालं ते कोणी विचारलेलं नसतं.

आता हेही मान्य, की काही क्यू देणारे खरंच वाईट असतात. एका हाताने रील्स सरकवत वाचतात. अशा वेळी टेकच्या आधी "एकदा लाइन्स करून घेऊया का?" म्हणा, बहुतेक जण फोन खाली ठेवतात. टेकच्या मधे मात्र शिकवायला जाऊ नका. आणि ऑडिशनचे, रजिस्ट्रेशनचे किंवा "आधी आर्टिस्ट कार्ड काढावं लागेल"चे पैसे मागितले तर तिथून उठा.

घरून सेल्फ टेप, म्हणजे स्वतःच फोनवर शूट केलेली ऑडिशन, पाठवणार असाल तर क्यू द्यायला बहीण, मित्र, कोणीही चालेल. फक्त त्याला फोनच्या अगदी बाजूला उभं करा आणि हळू वाचायला सांगा. हो, सपाटच.