अलीकडे पाहिलेल्या चित्रपटांपैकी कोणता आपल्या मनात राहिला आणि का?

आपण एकच नाव विचारले आहे, म्हणून आधी तेच सांगतो: जोनाथन ग्लेझर यांचा ‘द झोन ऑफ इंटरेस्ट’. पहिल्या वेळी मला तो मुळीच आवडला नव्हता, हेही कबूल करायला हवे.

नाझींच्या ऑश्विट्झ छळछावणीचा प्रमुख रुडॉल्फ ह्योस, त्याची पत्नी हेडविग आणि मुले छावणीच्या भिंतीला लागून असलेल्या घरात राहतात, फुलझाडे लावतात, नदीवर पोहायला जातात. भिंतीपलीकडचा छळ मात्र पडद्यावर एकदाही येत नाही. लॅपटॉपच्या क्षीण आवाजात मला हे सारे रटाळ वाटले आणि मी मध्येच उठलो. आठवडाभराने हेडफोन लावून पुन्हा बसलो, तेव्हा कळले की हा चित्रपट मी पाहिला होता, ऐकला नव्हता. गोळ्यांचे आवाज, किंकाळ्या, कुत्र्यांचे भुंकणे आणि या सगळ्याच्या तळाशी सतत चाललेली एक घरघर. घरातले कोणीही त्यासाठी बोलणे थांबवत नाही. थोड्या वेळाने ती घरघर मलाही ऐकू येईनाशी झाली होती आणि हे ध्यानात येताच मी चित्रपट थांबवून काही वेळ नुसता बसून राहिलो. दिवसा बागेचे कौतुक करणारी हेडविगची आई रात्री खिडकीतून प्रेते जाळणाऱ्या भट्ट्यांचा उजेड पाहते आणि निरोप न घेता निघून जाते, हा प्रसंग मला त्यानंतरच उमगला. या चित्रपटाला ध्वनीसाठी ऑस्कर मिळाले, ते मला सर्वस्वी योग्य वाटते.

हेडविगची भूमिका करणारी सँड्रा ह्यूलर हिच्यासाठीच मग जुस्तीन त्रिए यांचा ‘ॲनाटॉमी ऑफ अ फॉल’ पाहिला. पतीच्या मृत्यूप्रकरणी लेखिकेवर खटला चालतो आणि त्याने चोरून केलेले भांडणाचे ध्वनिमुद्रण न्यायालयात ऐकवले जाते. ते भांडण आपल्याला डोळ्यांसमोर घडताना दिसू लागते. पण हाणामारीला तोंड फुटते त्या क्षणी दृश्य न्यायालयात परतते आणि आपल्या वाट्याला उरतात फक्त आवाज. कोणी कोणाला मारले, हे ठरवण्यासाठी आपल्याजवळ ज्यूरीइतकाच पुरावा असतो. मी मनाशी निकाल दिला, दुसऱ्या दिवशी तो बदलला आणि अजूनही माझी खात्री नाही.

हे दोन्ही चित्रपट २०२३ च्या फ्रान्समधील कान चित्रपट महोत्सवातले. त्रिए यांना पाम द'ओर हा सर्वोच्च पुरस्कार मिळाला, ग्लेझर यांना त्याखालोखालचा ग्रां प्री. माझ्या हाती असते तर मी क्रम उलटा लावला असता.

त्याच महोत्सवातला विम वेंडर्स यांचा ‘परफेक्ट डेज’ही पाहिला. टोकियोतील सार्वजनिक स्वच्छतागृहे साफ करणाऱ्या, कॅसेटवर जुनी गाणी ऐकणाऱ्या हिरायामाची ही कथा आहे. स्वच्छतागृहे इतकी चकचकीत दिसतात की त्याच्या कामातले कष्ट मला फारसे पटले नाहीत. तरीही अखेरच्या दृश्यात गाडी चालवणाऱ्या कोजी याकुशो यांच्या चेहऱ्यावर, गाणे वाजत असताना, हसू आणि रडू एकमेकांत मिसळत जाते. ते दृश्य मी लागोपाठ तीनदा पाहिले.