सरकारने ‘नाही’ म्हटले तर?

परदेशात स्थायिक झालेली मराठी दांपत्ये विशेष गरजा असलेले मूल भारतातून दत्तक घेण्याचे ठरवून समुपदेशनाला येतात, तेव्हा त्यांची काळजी बहुधा एकच असते: घरातले सगळे खरे सांगितले आणि सरकारने परवानगी नाकारली, तर? हा प्रश्न इतक्यांदा कानांवर आला आहे, की त्याचे उत्तर एका कुटुंबाच्या निमित्ताने लिहावेसे वाटले. नावे आणि ओळख पटेल असे तपशील अर्थातच बदलले आहेत.

मेधा आणि समीर अमेरिकेत राहतात. दोघेही ओसीआय कार्डधारक, म्हणजे परदेशी नागरिकत्व असलेले भारतीय वंशाचे. समीरच्या आईकडे मुंबईला आले असताना ते प्रथम मला दादरला भेटले आणि पुढचे बोलणे बरेचसे ऑनलाइन झाले. ऐकू न येणारे, पाच वर्षांपुढचे मूल घ्यायचे हे त्यांचे ठरलेले होते. तिकडच्या मान्यताप्राप्त संस्थेमार्फत गृह अध्ययन, म्हणजे पालकांच्या घराची आणि परिस्थितीची चौकशी, सुरू होणार होते आणि समाजसेविका काय काय विचारील, त्याची उत्तरे मेधाने वहीत लिहून आणली होती.

‘मूल घरी येऊनही काही महिने तुमच्याजवळ आलेच नाही, तर?’ मी विचारले.

‘येईल हो, मॅडम. तिकडे थेरपीच्या सोयी उत्तम आहेत.’

‘समीर, तुम्हांला काय वाटते?’

‘तिने सांगितले तेच.’

अशा वेळी मी आधी कायदा समजावून सांगते, कारण निम्मी भीती अज्ञानातून आलेली असते. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ५९ नुसार, दत्तकासाठी कायदेशीररीत्या मुक्त घोषित झालेल्या मुलाला साठ दिवसांत भारतीय किंवा अनिवासी भारतीय पालक मिळाले नाहीत, तर ते आंतरदेशीय, म्हणजे दुसऱ्या देशातील, दत्तकासाठी उपलब्ध होते. दिव्यांग मुले, भावंडे आणि पाच वर्षांवरील मुले यांना त्यात प्राधान्य देता येते. कागदपत्रे केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाकडे, म्हणजे ‘कारा’कडे जातात आणि त्याच्या ना हरकत प्रमाणपत्राशिवाय मूल देशाबाहेर जाऊ शकत नाही. या काटेकोरपणामागे सर्वोच्च न्यायालयाचा १९८४ चा लक्ष्मीकांत पांडे खटल्यातील निकाल आणि भारताने २००३ मध्ये अनुसमर्थन दिलेला, अशा दत्तकांविषयीचा आंतरराष्ट्रीय हेग करार आहे. मुलांचा व्यापार होऊ नये आणि परक्या देशात मूल एकाकी पडू नये, यासाठी ही चौकशी असते. अर्जदारांना मात्र ती स्वतःची उलटतपासणी वाटते, आणि मग ते निर्दोष घराचे चित्र रंगवू लागतात.

माझा कल कुटुंबाकडे एकत्रितपणे पाहण्याकडे आहे. एकाच्या पाठ केलेल्या उत्तरामागे दुसऱ्याचे मौन असते, असा माझा अनुभव असल्याने मी वही बाजूला ठेवायला सांगितले आणि समीरला एवढेच विचारले, की ऐकू न येणारे मूलच का?

बऱ्याच वेळाने तो म्हणाला, ‘माझ्या दादाला ऐकू येत नव्हते. लालबागच्या चाळीत पाहुणे आले, की आई त्याला पोटमाळ्यावर पाठवायची. मीही कधी त्याला खाली बोलावले नाही. विशीतच गेला तो. हे अहवालात आले, तर आमची फाइल तिथेच थांबेल.’

समीरला दादा होता, एवढेच मेधाला ठाऊक होते. मी समीरच्या आईंना पुढच्या भेटीला बोलावण्याचे सुचवले. समीरला ते मुळीच मान्य नव्हते, पण मी आग्रह धरला आणि तो धरला याचे मला आजही समाधान आहे. आई आल्या आणि सरळ म्हणाल्या, ‘लाज नव्हती रे मला त्याची. लोक त्याच्या तोंडावर चुकचुकायचे, ते मला बघवत नसे.’ इतकी वर्षे आईला मनातल्या मनात दोषी धरलेला मुलगा त्या वाक्याने गप्प झाला, आणि मग आईला दादाविषयी एकेक विचारू लागला.

खरा धोका मला तेव्हा स्पष्ट दिसला. येणाऱ्या मुलीला दादाचे ऋण फेडण्याच्या कामाला लावले गेले असते, आणि हे ओझे कोणत्याही मुलाला पेलणारे नाही. समीरने ते स्वतःच्या शब्दांत ओळखले. पुढे त्याने समाजसेविकेला सगळे सांगितले. फाइल थांबली नाही.

अशा पालकांना मी आणखी काही गोष्टी आवर्जून सांगते. मुलाचा वैद्यकीय तपासणी अहवाल आपल्या विश्वासातल्या डॉक्टरांकडून वाचून घ्यावा. तो अधिकार तुम्हांला आहे. आपल्याला काय झेपणार नाही, तेही स्पष्ट सांगावे. मध्यस्थ गाठून थेट संस्थेतून मूल मिळवण्याच्या फंदात पडू नये. पाच वर्षांवरील मुलाची संमती लागते, तेव्हा तेही तुमची निवड करत असते. मूल घरी आल्यावर पहिले वर्ष दर तिमाहीला आणि दुसरे वर्ष सहामाहीला पाठपुरावा अहवाल जातो. त्यात अडचणी लपवल्या, तर वेळेवर मदत मिळत नाही.

सध्या त्यांच्याकडे एका सहा वर्षांच्या मुलीचे अहवाल आले आहेत. ना हरकत प्रमाणपत्र यायचे आहे. तिला भारतीय सांकेतिक भाषा थोडी येते आणि अमेरिकी सांकेतिक भाषा त्याहून अगदी वेगळी आहे. आपण आधी तिची भाषा शिकावी का, असे मेधाने विचारले. मी होकार दिला आणि वांद्र्याच्या, वाचा आणि श्रवण दिव्यांगांसाठीच्या अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेत चौकशी करायला सांगितले. ती चौकशी आता समीरच्या आई करत आहेत.