कूलंट जातं कुठे?

प्रश्न : माझ्या शिडाच्या बोटीत तीन सिलिंडरचं डिझेल इंजिन आहे. दर फेरीत हिरवं कूलंट (इंजिन गार ठेवणारं द्रव) कमी होतं, पण बिल्जमध्ये, म्हणजे बोटीच्या तळाच्या पोकळीत, थेंबही दिसत नाही. गळती शोधू कुठे?
– एक वाचक, मुंबई

उत्तर : माझा पहिला संशय हीट एक्स्चेंजरवर, म्हणजे समुद्राच्या पाण्याने कूलंट गार करणाऱ्या भागावर. त्याच्या नळ्यांतून समुद्राचं पाणी वाहतं, बाहेरून कूलंट. नळीला बारीक भोक पडलं की दाबाखालचं कूलंट त्या पाण्यात मिसळून एक्झॉस्टवाटे थेट समुद्रात जातं. बिल्जमध्ये दिसणार कसं?

इंजिन पूर्ण गार होऊ द्या. गरम असताना कूलंटचं झाकण उघडू नका, वाफेने हात भाजतो. हे कळकळीने सांगतो. सी-कॉक (समुद्राचं पाणी आत घेणारी तोटी) बंद करून एक्स्चेंजरची टोकाची टोपी काढा, नळ्यांची तोंडं पुसून कोरडी करा आणि कूलंटच्या झाकणाच्या जागी प्रेशर टेस्टर (दाब देणारा हातपंप) लावून त्या झाकणावर छापलेल्या आकड्याइतकाच दाब द्या. एखाद्या तोंडाशी हिरवा थेंब जमला की चोर सापडला.

तिथे कोरडंच राहिलं, तर कूलंटच्या पंपाखालचं छोटं छिद्र चाचपा. वाळलेली हिरवट पापडी बोटाला लागली तर सील गेलं. डिपस्टिकही (इंजिनचं तेल मोजायची पट्टी) बघाच. तेल दुधाळ दिसलं तर हेड गॅस्केटची (इंजिन ब्लॉक आणि सिलिंडर हेड यांमधलं सील) शंका घ्या आणि मेकॅनिक येईपर्यंत इंजिन अजिबात चालू करू नका.