दिवसभर स्क्रीनसमोर काम करून झाल्यावर नुसतं ऐकून काही शिकता येतं का?

तुम्ही लिहिलंय की ऑफिसचं सगळं काम स्क्रीनवर असतं, घरी आल्यावर पुन्हा व्हिडिओ लावून शिकायचं म्हटलं की डोळे चुरचुरतात, म्हणून ऑडिओकडे वळावं का. डोळ्यांचं म्हणाल तर बिनधास्त वळा. स्क्रीनकडे टक लावून बघताना पापण्यांची उघडझाप कमी होते आणि डोळे कोरडे पडतात. कानाने शिकताना तो त्रासच नाही. डोक्यात किती राहील, हे मात्र तुम्ही काय ऐकताय त्यावर आहे.

वाचताना आपली नजर सारखी पुढेच जाते असं वाटतं, पण साधारण दहातली एखादी उडी मागे असते. वाक्य अडलं की डोळे गुपचूप मागे जाऊन येतात, आपल्याला पत्ताही लागत नाही. कानाला ही सोय नाही. निवेदक मिनिटाला दीडशेच्या आसपास शब्द बोलत पुढे निघून जातो, तुम्ही मागे राहिलात तरी.

म्हणूनच दोन प्रयोगांचे निकाल वेगवेगळे आले असावेत, असं मला वाटतं. 2010 साली प्रसिद्ध झालेल्या डॅनियल आणि वूडी यांच्या प्रयोगात काही विद्यार्थ्यांनी एक अभ्यासाचा लेख वाचला, काहींनी तोच पॉडकास्ट म्हणून ऐकला. दोन दिवसांनी चाचणी घेतली तेव्हा ऐकणारे बरेच मागे पडले. 2016 मध्ये रोगोव्स्की आणि सहकाऱ्यांनी गोष्टीसारखी वाहती सत्यकथा घेतली, तर वाचणारे आणि ऐकणारे सारखेच निघाले. वाचणं आणि ऐकणं एकदम करणाऱ्यांनाही जास्तीचा फायदा झाला नाही. तेव्हा इतिहास, चरित्रं, मुलाखती, एखाद्या विषयाची तोंडओळख हे खुशाल ऐका. सूत्रं, तक्ते, आकृत्या, कोडिंग यांच्या वाटेला कानाने जाऊ नका.

भाषा शिकायची असेल तर मी म्हणेन, सुरुवात कानानेच करा. फ्रेंचमध्ये शब्दाच्या शेवटची कितीतरी अक्षरं लिहितात पण उच्चारत नाहीत. आधी छापील शब्द पाहिला की ती जिभेवर येऊन बसतात आणि मग हटता हटत नाहीत. भाषाशिक्षणाचे अभ्यासक पॉल पिम्सलर यांनी 1967 मध्ये उजळणीची जी पद्धत मांडली, ती तर कानासाठीच केल्यासारखी आहे: नवा शब्द 5 सेकंदांनी पुन्हा विचारायचा, मग 25 सेकंदांनी, मग 2 मिनिटांनी, मग 10, असं अंतर वाढवत न्यायचं. अशा धड्यात प्रश्नानंतर थोडी शांतता सोडलेली असते. तिथे उत्तर मोठ्याने म्हणायचं. शेजारचे बघतील म्हणून मनातल्या मनात म्हणाल तर अर्धा धडा वाया. (मास्क लावून चालायला जाणं हा माझा उपाय. कोणाला ओठ दिसत नाहीत.)

हातात काय काम असावं? भांडी घासणं, कपड्यांच्या घड्या, ओळखीच्या रस्त्यावर चालणं. मेल लिहिताना मुळीच नाही. दोन्हीकडे शब्दच लागतात, आणि डोक्यात शब्द घोळवायला जागा एकच आहे. मेल पूर्ण होतो, कानातलं प्रकरणही संपतं, आणि त्यात काय होतं ते आठवत नाही.

वेग दीडपट करायला हरकत नाही, पण नवीन विषयात नको. मागे जाण्याचं बटण मात्र न लाजता दाबत जा, नजरेची ती मागची उडी इथे बोटाने मारायची आहे. प्रकरण संपलं की लगेच पुढचं सुरू होऊ देऊ नका; ऑटोप्ले बंदच ठेवा. फोन खिशात ठेवून, आत्ता काय ऐकलं ते स्वतःला दोन-चार वाक्यांत सांगा. सांगता आलं नाही तर तेच पुन्हा लावा.

झोपताना ऐकलेलं मी शिकण्यात धरतच नाही. झोप छान लागते, तेवढ्यासाठी टायमर लावून जरूर ऐका.